तळ्यातली तुडवणी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नसेल ठेवायचा तर दुसरं काहीतरी वाचा. मला गोष्टी रचायची हौस नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही मास्तरांच्या धाकाने. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. माझ्या पोटच्या पोराच्या बाबतीत घडलं.

आणि अजून संपलेलं नाही.

तळं आमच्या घराच्या मागे आहे. मागच्या दाराने बाहेर पडलात की भाजीचे वाफे, पुढे तारेचं कुंपण, मग मातीचा बांध. बांधावर चढलात की समोर पाणी.

तुम्हाला वाटेल, आता ही अमावास्येची रात्र सांगणार. नाही. रात्री आमच्याकडे सगळं गुमान असतं.

जे होतं ते तिन्हीसांजेला होतं... दिवे लावायच्या जरा आधी.

माझा मुलगा एकुलता एक. शहरात त्याचा धंदा बसला आणि तो बायकोला घेऊन घरी आला. आला तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. हाक मारली की जेवायला उठायचा, जेवला की पुन्हा भिंत. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी त्याला टोचून बोलले, ओरडले, एकदा तर पाण्याचा तांब्या अंगावर ओतला. काही उपयोग नाही. माझं पोर जिवंतपणी माझ्या हातून निसटत होतं.

मग एक दिवस तो मागच्या खोलगट जमिनीत जाऊन उभा राहिला. परत आला तो चपला चिखलाने भरलेल्या.

"आई, इथे तळं करायचं. मासे पकडायचे."

"मासे बाजारात मिळतात की."

"विकायचे नाहीत गं. लोक येतील, गळ टाकतील, मासा धरतील आणि परत पाण्यात सोडतील."

"सोडायचाच तर धरायचा कशाला?"

"मजा म्हणून."

"तुझ्या बापाने अशी मजा केली असती ना, तर तू माझ्या पोटातच उपाशी राहिला असतास."

तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला. मी तिथल्या तिथे जमीन दिली. जमीन माझ्या नावावर आहे, हे इथे नमूद करून ठेवते.

नकाशे काढणारा एक साहेब आला. मी त्याला नकाशेवाला म्हणते. माणूस वाईट नव्हता. त्याने आणि माझ्या मुलाने मिळून सगळं ठरवलं. सिमेंट नाही. औषधं नाहीत. कडेला उथळ पाणी, त्यात लव्हाळं आणि पाणवनस्पती, म्हणजे पाणी आपोआप गाळलं जाईल. मधोमध खोल डोह, म्हणजे उन्हाळ्यात माशांना गारवा. गळसुद्धा उलटा काटा नसलेला, माशाचं तोंड फाटू नये म्हणून. एका बाजूचा बांध पक्ष्यांसाठी मोकळा, तिकडे माणसाने फिरकायचं नाही. माझा मुलगा रात्रंदिवस तेच बोलायचा. ऐकून कान किटले, पण जीव सुखावला.

अडलं ते तळाशी. पाणी मुरू नये म्हणून खाली काय घालायचं?

मुलगा म्हणाला, "प्लास्टिक नको."

नकाशेवाला म्हणाला, "मग चिकणमाती पसरू. वरून रोलर फिरवू. घट्ट बसेल."

मी म्हणाले, "माती पायांनी तुडवायची."

माझ्या माहेरी वीटभट्टी होती. पाण्याची टाकीसुद्धा आम्ही मातीचीच करायचो. ओली माती पसरायची. माणसांनी खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहायचं. आधी टाच, मग चवडा, आणि मागे मागे सरकत जायचं. एकाने डबा वाजवून ठेका धरायचा. त्याने "चला" म्हटलं की पाय सुरू. आणि त्यानेच "पुरे" म्हणेपर्यंत पाय थांबवायचे नाहीत. कोणी मनाने थांबलं की मातीत पोकळी राहते आणि पाणी तिथूनच पळतं. लहानपणी मी हे इतकं केलंय की अजून पोटऱ्या दगडासारख्या आहेत.

"रोलरने काम लवकर होईल, आजी," नकाशेवाला म्हणाला.

"लवकर तर लग्नही मोडतं. पायांनीच होणार."

आता कोणी म्हणेल, रोलरच बरा होता. म्हणा.

मजूर होते, शेजारपाजारचे होते, माझा मुलगा, सूनबाई. मुलगा रांगेच्या मधोमध, डोहाच्या जागी. मी बांधावर खुर्ची टाकून रिकामा डबा मांडीवर घेतला. आमचे हे गेल्यापासून या घरात आवाज एकच, तो माझा. "चला!" म्हटलं की पार कुंपणापलीकडची कुत्री कान टवकारायची.

थप... थप... थप... थप...

सगळ्यांचे पाय एकदम. दिवसभर. संध्याकाळी मी "पुरे!" म्हणायचे आणि सगळे जागच्या जागी थांबायचे. माझी सून मला सासू म्हणून कधी इतकी घाबरली नसेल, तितकी त्या दिवसांत मातीत उभी राहून घाबरली.

शेवटच्या दिवशी थोडीच पट्टी उरली होती. ऊन कललं होतं. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूची, पाणी अडवणारी फळी कोणीतरी उचलली. उत्साहाच्या भरात. पाणी खळाळत आत आलं. सगळे ओरडत, हसत, एकमेकांना ओढत वर पळाले. माझा मुलगा लहान पोरासारखा नाचत होता. मी डबा खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी "पुरे" कोणी म्हणालंच नाही.

तळं भरलं. दिसायला देखणं झालं. लव्हाळं रुजलं, माशांची पिल्लं सोडली.

पण बेडूक आले नाहीत...

नवं पाणी म्हटलं की बेडकांना आवतण लागत नाही. आमच्याकडे एकही नाही. चतुर नाहीत. पाणबगळा यायचा, मोकळ्या बांधावर उतरायचा, पाण्याकडे बघायचा आणि पंख न मिटताच उडून जायचा.

मग एका तिन्हीसांजेला मी वाफ्यात मिरच्या तोडत होते. वारा नव्हता.

थप...

मला वाटलं, शेजारी कोणी कपडे आपटतंय.

थप... थप... थप...

मी बांधावर चढले. आवाज पाण्याखालून येत होता. प्रत्येक आवाजाला डोहाच्या मध्यातून एक बारीक वलय उठायचं आणि काठाला येऊन विरायचं. ठेका माझा होता. मी डब्यावर धरलेला, तोच.

घरात येऊन मी गप्प बसले. सूनबाईने विचारलंसुद्धा, "आई, बरं वाटत नाही का?" मी गप्प बसले की या घरात लोकांना ताप आल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा होडी घेऊन डोहावर गेला. माशांसाठी पाणी किती खोल आहे ते बघायला. हातात बांबू. त्याने तो खाली सोडला... सोडतच गेला... दंड बुडाला, खांदा बुडाला.

"आई, तळ लागत नाही."

"बांबू आखूड असेल."

"आई, खणताना मी याच बांबूने मोजलं होतं. माझ्या डोक्याच्या वर उरायचा."

पाण्याची पातळी काठावर होती तिथेच होती. म्हणजे पाणी वाढलं नव्हतं.

तळ खाली गेला होता.

त्याच दुपारी तो जेवून पडला. मी पांघरूण द्यायला गेले तर चादरीखाली त्याचे पाय हलत होते. आधी टाच, मग चवडा. टाच, चवडा. झोप गाढ, चेहरा शांत आणि पाय मात्र कामाला लागलेले. मी घोटा धरला. बर्फासारखा गार. माझा हात त्या पायाने सहज उचलला आणि पुन्हा खाली दाबला.

चादर बाजूला केली. तळव्यांना ओली माती होती. करडी, तळ्यातली. तो आंघोळ करून झोपला होता.

सूनबाई दारात उभी होती. ओठ चावत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाणी भरलं त्या दिवसापासून. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

"रागावतेच मी. पण ऐकतेही. बोल."

"झोपेत बोलतात. मी विचारलं, कुठे जाता? तर म्हणाले, खाली... काम उरलंय... थांबा म्हणून कोणी सांगितलं नाही."

नंतर मला दिसायला लागलं की पोराचा चेहरा पुन्हा ओढला जातोय. डोळे पुन्हा खोल चाललेत. फक्त आता तो भिंतीकडे बघत नव्हता. पाण्याकडे बघत होता.

आणि मग ती संध्याकाळ.

मी चहाचं आधण ठेवलं होतं. मागचं दार वाजलं. बघते तर उंबऱ्याशी त्याच्या चपला. नीट जोडून ठेवलेल्या.

मी धावले. या वयात, पदर खोचून, वाफे तुडवत धावले. तो बांध उतरून पाण्यात शिरला होता. गुडघ्यापर्यंत. डोहाकडे पाठ... मागे मागे सरकत, टाच आणि चवडा, टाच आणि चवडा. तोंड माझ्याकडे. डोळे उघडे. पण मी त्याला दिसत नव्हते.

थप... थप... पाण्याखालून साथ चालली होती. एकाची नाही. अख्ख्या रांगेची.

पाणी त्याच्या कमरेला लागलं.

तेव्हा मला तो राहिलेला शब्द आठवला. मी बांधावर उभी राहिले आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा बाहेर काढली.

"पुरे!"

त्याचे पाय थांबले. तिथल्या तिथे. पाण्याखालचा आवाजही थांबला...

नाही, खरं सांगते. एक थाप उशिरा पडली. मग थांबला.

सूनबाई आणि मी मिळून त्याला ओढून वर आणलं. तो थरथरत होता. म्हणाला, "आई, मी इथे कसा?"

त्या रात्री बेडूक ओरडले. इतके ओरडले की झोप लागेना आणि मी आनंदाने जागी राहिले.

पुढचे दिवस सोन्यासारखे गेले. त्याच्या अंगावर मांस आलं. मासे वाढले. गळ घेऊन लांबून लांबून लोक यायला लागले. मासा धरायचे, त्याच्यासोबत फोटो काढायचे आणि परत सोडायचे. वेड्यांची जत्रा नुसती. पण माझा मुलगा त्यांच्यात हसत फिरायचा. मला आणखी काय हवं होतं?

एक टोपीवाला गृहस्थ नेहमी यायचा. एका संध्याकाळी सामान आवरून घरासमोरून निघाला. मी ओसरीवर बसले होते, मुलगा बाजूला चहा पीत होता.

"आजी, आवाज काय खणखणीत हो तुमचा!" टोपीवाला म्हणाला. "मघाशी त्या पक्ष्यांच्या बाजूने ओरडलात, माझ्या हातातला गळच सुटला."

"मी? मी दुपारपासून इथून हललेली नाही."

"चेष्टा करता राव. लव्हाळ्यातून ओरडलात ना... 'चला' म्हणून."

बशी खळ्ळकन फुटली.

मी वळून बघितलं. माझा मुलगा उभा राहिला होता. चपला काढत होता.

"पुरे!" मी ओरडले. तो थांबला. टोपीवाल्याला वाटलं मी त्याला म्हणाले. गेला तो, पुन्हा आला नाही.

तेव्हापासून रोज हेच. दिवे लावायच्या आधी तिकडून एक हाक. मग माझी एक. कधी तिकडून दुसरी, तिसरी. मग मलाही दुसरी, तिसरी.

तुम्ही विचाराल, निघून का नाही गेलात? गेलो होतो. माझ्या बहिणीकडे, खूप लांब. तिथे मला काही ऐकू आलं नाही. पण तिन्हीसांजेला तो गच्चीवर चपला काढून मागे मागे सरकायला लागला... तिथे कठडा गुडघ्याएवढाच होता. आलो परत. तळ्याचं तोंड फोडून पाणीही सोडून बघितलं. ओढा भरून वाहिला, तळ्यातलं पाणी काठाला होतं तिथेच राहिलं. सूनबाईला म्हटलं, तू म्हण. बिचारीने बेंबीच्या देठापासून ओरडून बघितलं. त्याचा पाय थांबेना. ज्याने "चला" म्हटलं त्यानेच "पुरे" म्हणायचं असतं. नवऱ्याने तिचं कधी ऐकलं होतं म्हणा, असं एरवी मी म्हणाले असते. त्या दिवशी नाही म्हणाले. जवळ घेतलं तिला.

आता माझा घसा बसलाय. डॉक्टर म्हणतात, आजी, या वयात असं चालायचंच, बोलणं कमी करा. जन्मात मला हे कोणी सांगायची हिंमत केली नव्हती.

काल तर तोंडातून नुसती हवा आली. शब्द आलाच नाही. तरी तो थांबला... बहुतेक माझे ओठ बघून. म्हणून आता मी त्याच्या अगदी समोर बसते. दिवा लवकर लावते. त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढत नाही.

आणि काल मी ती हाक पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकली. आवाज माझाच आहे. पण आत्ताचा नाही. वीटभट्टीवर होते ना, तेव्हाचा. तरणाताठा.

त्या आवाजाचा घसा जरासुद्धा बसलेला नाही.