समासातला तांब्या

हे खरं आहे. रात्र नव्हती, अंधारही नव्हता. निपाणीतल्या एका शाळेत, शनिवारी सकाळी, साडेदहाला घडलं.

आई तिथं चित्रकला शिकवायची. मला मात्र तिनं कधी शिकवलं नाही. घरी यायची तेव्हा दमलेली असायची. आणि मीही कधी ‘शिकव’ म्हटलं नाही.

त्या शुक्रवारी मी बेळगावहून सुट्टीला आले होते. आम्ही दोघी बाजारात गेलो. वर्गात मांडायला वांगं हवं होतं. आई एकेक वांगं उचलून उजेडात फिरवत होती.

“बाई, खायचं हाय, का लगीन जमवायचंय त्याचं?” भाजीवाली मालुबाई म्हणाली.

आई हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्या ये की गं शाळेत. बस पोरांत.”

“आता काय उपयोग?” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठलीच नाही. झोपेतच गेली.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, तिचं सामान आणायला शाळेत गेले. चित्रकलेच्या खोलीत मुलं होती. लोअर ड्रॉइंगची परीक्षा आठवड्यावर आलेली, नवीन शिक्षक नाहीत. मुलांनीच तांब्या आणि वांगं मांडलं होतं.

“सूरज, तांब्याला मान न्हाय व्हय रं? तुझ्यागतच झालाय की!” तेजस्वी म्हणाली.

वर्ग हसला. मग शांत झाला.

पेन्सिलींची खरखर...

मी कपाट आवरत होते. एका जागची खरखर थांबायची... मग शेजारची. जणू कुणी रांगेतून फिरत होतं.

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

घंटा झाली. मुलांनी कागद माझ्यापुढे ठेवले.

प्रत्येक कागदाच्या समासात एक छोटा तांब्या होता... फिक्या रेषेतला, अचूक.

आई अशीच चूक दाखवायची. मुलाच्या रेषेवर ती कधी पेन्सिल टेकवत नसे.

“हे कुणी काढलं?”

“बाईंनी,” तेजस्वी म्हणाली.

“कधी?”

“आत्ता. मागनं हात येतोय न्हवं.”

“तू पाहिलंस त्यांना?”

“मागं बघायचं न्हाय, आक्का. बाईंचा नियम हाय. नजर तांब्यावर.”

ती दप्तर घेऊन पळाली.

खोलीत मी एकटी. अजून सांगताना मान आखडते.

मी बाकावर बसले. कागद घेतला. तांब्या काढला. वाकडा आला.

पाठीमागे बांगड्या किणकिणल्या...

कुणीतरी वाकलं. खडूचा वास आला.

समास कोराच होता. बराच वेळ कोराच.

मी मागे पाहिलं नाही.

“आई,” मी मोठ्यानं म्हटलं, “मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. मलाही शिकव.”