कागदावरचा भाऊ

दिनहाट्याच्या बाजारात तेव्हा झेरॉक्सची तीन दुकानं होती. त्यातली दोन त्या दिवशी बंद होती, म्हणून मी तिसऱ्यात शिरले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी दोन बंद शटरांमुळे घडली.

आत एक मुलगा होता. पंचविशीचा असेल. कानाला पेन्सिल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू सगळ्या जगाचे कागद यालाच कळतात.

"मॅट्रिकच्या दाखल्याच्या दोन प्रती काढा, आणि वर लॅमिनेशन करा," मी म्हटलं. "सुरकुती पडली तर पैसे देणार नाही, आधीच सांगते."

"बापरे," तो म्हणाला आणि दाखला वाचायला लागला. आमच्या गावच्या माणसाचा कागद कोणी गरजेपेक्षा जास्त वेळ वाचला की आमचं लक्ष दाराकडे जातं. हा तर मोठ्याने वाचत होता. "फूलेश्वरी राय. वडिलांचं नाव हरकांत राय. गाव बामनटारी..." मग थांबला. "हे दोतारा वाजवतात तेच का? गालावर चामखीळ आहे बघा..."

"हो, तेच. ओळखता तुम्ही?"

"थोडंफार," तो म्हणाला. "माझे वडील आहेत ते."

मशीन घुर्र करत होतं. मी दाखला ओढून घ्यायला हात पुढे केला, पण दाखला केव्हाच मशीनमध्ये गेला होता.

"थांब, गरम आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून, अगदी गंभीरपणे — "दीदी."

घाबरले मी, खोटं कशाला बोलू? हा मुलगा लहानपणापासून सिलिगुडीला मामाकडे वाढलेला, नुकताच परत येऊन दुकान टाकलेला, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आमचं गाव म्हणजे छिट कलमीबाडी. छिट म्हणजे दुसऱ्या देशात अडकलेला जमिनीचा तुकडा. चारी बाजूंनी भारत आणि मधे आम्ही, पण नकाशावर बांगलादेश. तो बांगलादेश कधी आमची विचारपूस करायला आला नाही, आणि कालव्यापलीकडचा भारत विचारायचा, तुम्ही कोण? शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे. तिथे कागद मागत. म्हणून आमच्यात रीतच पडली होती, पलीकडचा बाप उसना घ्यायचा. बाळंतपणाला बायका नवरासुद्धा उसना घेत. माझे बाबा खगेश्वर बर्मन आणि हरकांत जेठू, म्हणजे मानलेले थोरले काका, एकाच मंडळात दोतारा वाजवायचे. जेठू म्हणाले, "लिही माझं नाव. नाव काय झिजतंय होय?" आणि मी राय झाले, कागदावर गावही जेठूंचं, बामनटारी.

बाबा मला सायकलवरून शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचे. मी सहा वर्षांची होते तेव्हा त्यांनीच शिकवलं होतं, "शाळेजवळ मला बाबा म्हणायचं नाही, फूली. काका म्हणायचं." मी इतकं छान शिकले की कधीकधी घरी जेवतानासुद्धा तोंडून काका निघायचं. ते हसायचे, आणि आई ताटातला भात चिवडत बसायची.

"किती झाले?" मी त्या मुलाला विचारलं.

"बहिणीकडून पैसे घेतात का?"

मी पैसे टेबलावर आपटले आणि निघाले. नाव त्याने मागून ओरडून सांगितलं, सुबल.

त्याने कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवस पोलिसांची वाट पाहिली, कुणीच आलं नाही. मग मला फार झेरॉक्स लागायला लागल्या. नर्सिंगच्या अर्जाला तीन प्रती लागतात, मी एकेक करून तीनदा गेले.

"दीदी, परवा भाईफोंटा," एक दिवस तो म्हणाला. म्हणजे आमची भाऊबीज. "मला कधी कुणी टिळा लावला नाही. येशील?"

"येईन की. चंदन उगाळून आणते."

म्हटलं, आता याची चांगली जिरवते. चंदनाची वाटी, दुर्वा, संदेश मिठाईचे पाच तुकडे घेऊन गेले... तर शटर बंद. समोरचा चहावाला हसत होता. "सकाळपासून उघडं होतं गं. तुला लांबून येताना पाहिलं आणि शटर पाडून मागच्या दाराने पळाला."

मी तिथेच उभी राहून पाचही संदेश खाल्ले. गोड लागत होते.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल कुठे होतास?"

"ताप आला होता."

"कसला?"

"भाऊ व्हायच्या भीतीचा," तो म्हणाला. मशीनकडे बघत म्हणाला, माझ्याकडे नाही. त्या दिवसापासून त्याने मला दीदी म्हणणं सोडलं.

हिवाळ्यात आमच्या समितीची पत्रकं त्याच्याकडे छापायला आली. छिटातल्या लोकांना देश मिळावा म्हणून समिती भांडत होती. पत्रकात सगळ्या जगाच्या मानवी हक्कांचा जाहीरनामा होता, बंगालीत. त्याने एक प्रत माझ्या फायलीत सरकवली. दोन कलमांभोवती पेन्सिलीने गोल केला होता.

"पंधरावं वाच," तो म्हणाला. "प्रत्येक माणसाला कुठल्या तरी देशाचं असण्याचा हक्क आहे. हे तुझं."

"आणि सोळावं?"

"सज्ञान स्त्री-पुरुषांना लग्न करायचा हक्क आहे. देश, धर्म, वंश कशाचीही आडकाठी नाही. याला..." त्याने पेन्सिल कानाला लावली, परत काढली. "याला दोन माणसं लागतात."

माझे कान तापले. मला असं काही झालं की राग येतो, स्वभावच तसा. "सव्विसावं नाही वाचलंस? शिक्षणाचा हक्क. तो मी तुझ्या बापाच्या नावावर चोरून घेतलाय. कोण देतं रे हे सगळं?"

"सगळं जग."

"जगाची खिडकी कुठे आहे? किती वाजता उघडते? लग्न नोंदवायचं ते इथल्या कचेरीत. तो साहेब तुझा कागद बघणार, माझा बघणार, आणि दोघांचा बाप एक. जगाच्या लेखी आपण माणसं आहोत, सुबल. देशाच्या लेखी बहीण-भाऊ."

"मग पुरोहितासमोर करू. कागद कोण बघतंय?"

"मी बघते," मी म्हटलं. "शाळेसाठी बाप खोटा घेतला. आता लग्नासाठी नाव खोटं, उद्या पोरांसाठी आई खोटी? एवढं खोटं माझं पाठ होणार नाही."

बाहेर पडले तर डोळे भरून आले होते, आणि धुक्यामुळे कुणाला दिसलं नाही ते बरं झालं.

उन्हाळ्यात बातमी आली की दोन्ही देश छिटांची अदलाबदल करणार. आमचं गाव भारताचं होणार. जुलैत दोन्हीकडचे साहेब येऊन घराघराची नावं वाचणार आणि विचारणार, कुठला देश हवा? गावात लोकांनी एकमेकांना मुरी, म्हणजे चुरमुरे, आणि बताशे वाटले. आणि त्याच आठवड्यात नर्सिंगची यादी लागली. फूलेश्वरी राय, क्रमांक एकोणीस.

"झालं तर मग," बाबा म्हणाले. "तू आधीच भारताची आहेस. आमच्या यादीशी तुझा संबंध काय? ऑगस्टात शिकायला जा."

"आणि मी बर्मन म्हणून नाव दिलं तर?"

"तर फूलेश्वरी राय कोण, हे विचारतील. दहावी कुणाची, बारावी कुणाची? सगळं पाण्यात जाईल." ते दोताऱ्याची तार पिळत होते, ती तुटली. "वेडेपणा करू नको, फूली. दहा वर्षं फाटकाबाहेर उभा राहिलोय मी, ते कशासाठी?"

सुबलकडे गेले. वाटलं होतं, हा तरी म्हणेल बर्मन हो. त्याने यादी वाचली, एकोणीसवर बोट ठेवलं.

"राय राहा," तो म्हणाला. "नर्स हो. मी नाही आड येणार."

"आणि तू?"

"मी... या वर्षी भाईफोंट्याला शटर पाडणार नाही. ये तू चंदन घेऊन."

एवढंच बोलला आणि उगाच मशीनमधला कागद नीट करायला लागला. मला तोवर वाटायचं, प्रेम म्हणजे तू माझी हो असं म्हणणं. हा बावळट माझा भाऊ व्हायला तयार झाला होता.

मोजणीच्या दिवशी पाऊस होता. समितीच्या पत्र्याखाली एक टेबल, दोन साहेब, एक इकडचे आणि एक तिकडचे. मदतीला आमच्या शाळेचे हेडमास्तर होते. सुबल प्रती काढायला जनरेटरवर मशीन घेऊन आला होता. मी हरकांत जेठूंच्या छत्रीत बाहेर उभी होते, पाहुण्यासारखी. त्या क्षणापर्यंत काहीच ठरवलं नव्हतं.

"खगेश्वर बर्मन," साहेबांनी वाचलं. "पत्नी सरबाला. मुलगी फूलेश्वरी."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. माझं नाव यादीत कसं?

"मुलगी कुठे आहे?"

बाबा गमछ्याने हात पुसत होते, कोरडे झाले तरी पुसत होते. "ती इथे नसते, साहेब. नाव काढून टाका."

"चार वर्षांपूर्वीच्या मोजणीत तर होती. सही तुमचीच आहे."

"हो... ती शाळेत गेली होती तेव्हा." बाबांची मान खाली गेली. "एकदा लिहून बघावंसं वाटलं, साहेब. माझ्या नावापुढे तिचं नाव कसं दिसतं ते. चूक झाली. काढा."

साहेबांनी लाल पेन उचललं.

"बाबा," मी म्हटलं.

मोठ्याने नाही म्हटलं. पण बाबांनी दचकून आधी हेडमास्तरांकडे पाहिलं, आणि सवयीने ओठांवर बोट ठेवलं. एवढा मोठा माणूस, पांढरे केस झालेला, सगळ्या गावासमोर मला गप्प करत होता.

"नाही आता काका म्हणणार," मी म्हटलं. टेबलाशी गेले. "मी फूलेश्वरी. खगेश्वर बर्मन यांची मुलगी. देश भारत. नाव काढायचं नाही."

तिकडचे साहेब इकडच्या साहेबांकडे बघून हसले. पेन माझ्या हातात दिलं. बर्मन लिहिताना हात अडखळला, आयुष्यात प्रथमच लिहीत होते. वर पाहिलं तर हेडमास्तर चष्मा पुसत होते.

"मला दहा वर्षं माहीत होतं गं," ते म्हणाले. "रोज सोडायला येणारा काका मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. कोर्टात सांगायला येईन, दाखला दुरुस्त करू. वेळ लागेल, पण करू."

सुबलचं मशीन केव्हाच थांबलं होतं. तो पावसात, डोक्यावर कोरे फॉर्म धरून माझ्यासमोर उभा राहिला. "मग... आता तू माझी कोण?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"कागदावर तरी नाही."

"पंचवीस वर्षांत इतकी चांगली बातमी मला कुणी दिली नव्हती," तो म्हणाला, आणि ते फॉर्म भिजून लगदा होईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

"माझी एकुलती एक लेक गेली," जेठू मागे कुरकुरले. बाबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "लेक माझी होती. तुला सून देतो, गप्प बस." मग ते दोघेही रडायला लागले, म्हाताऱ्यांचं काही सांगता येत नाही.

त्या वर्षीचा एकोणिसावा क्रमांक गेला. दुसऱ्या कुणा मुलीला मिळाला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही, ते लपवत नाही. दाखल्याची तारीख कोर्टात पुढे पुढे जात होती. हेडमास्तर प्रत्येक तारखेला यायचे, बाबा सायकलवरून आणायचे मला, आणि आता कोर्टाच्या आतपर्यंत यायचे.

भाईफोंटा आला. बाजारातली अर्धी दुकानं बंद होती. सुबलच्या दुकानावर पाटी होती, आज चालू आहे. मी संदेशाचा डबा टेबलावर ठेवला. त्याने मान वाकवून माझ्या हातांकडे पाहिलं.

"चंदन?"

"नाही आणलं."

"दुर्वा?"

"गप्प बस आणि फॉर्म काढ."

त्याने विवाह नोंदणीचा फॉर्म काढला. केव्हाचा तयार होता, कोपरे मऊ पडले होते. आपली बाजू त्याने आधीच भरून ठेवली होती. मग कानावरचं पेन काढून, जणू काही माहीतच नाही असा चेहरा करून विचारलं, "वधूच्या वडिलांचं नाव?"

"खगेश्वर बर्मन," मी म्हटलं. "सावकाश लिही. अक्षर चांगलं काढ."