मंगळवारची दाढी

सरका जरा, मला भिंतीला टेकू द्या. आणि ज्याला बाहेर जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं. गोष्ट संपल्यावर "चला ना कोणीतरी सोबत" असं म्हणालात तर मी हलणार नाही. मागच्या वेळी या पैलवानाला दारापर्यंत हात धरून न्यावं लागलं होतं. काय पैलवान, खोटं सांगतोय का? बरं, राहिलं.

ही गोष्ट आपल्या सलूनवाल्याची. तुमच्यातल्या निम्म्यांची डोकी त्याच्या हाताखालून गेलीत. बाकीच्या निम्म्यांचीही गेली असती तर बरी दिसली असती. त्यानं स्वतः मला सांगितली. एरवी मी गोष्टीत पदरचं घालतो, हे तुम्हाला माहीत आहे. हिच्यात घातलेलं नाही.

त्या रात्री तो निघाला होता एका चष्म्यासाठी. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. जेवणं झाली होती. ताईनं ताटं उचलता उचलता विचारलं, "उद्या सकाळी दुकानाची किल्ली मालकाला परत द्यायचीय ना? तुझ्या भाऊजींचा चष्मा ड्रॉवरमध्ये राहिलाय. तेवढा आण."

"आत्ता?"

"सकाळी विसरशील."

संपलं बोलणं. अडीच महिन्यांत त्या घरात एका दमात एवढी वाक्यं झाली नव्हती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. सलूनवाल्यानं सगळ्या गावच्या नवरदेवांच्या दाढ्या केल्या आणि स्वतः बिनलग्नाचा राहिला, तेव्हा घर ते ताईचं. भाऊजी म्हणजे तिचा नवरा आणि सलूनवाल्याचा शिष्य. हो, उलटंच. भाऊजी छापखान्यात होते. छापखाना बंद पडला तेव्हा पंचेचाळिशीत त्यांनी धाकट्या मेव्हण्याच्या हाताखाली वस्तरा धरला, तोही डाव्या हातात. हात हलका, बोलणं गोड. खोड एकच. जवळचं नीट दिसत नव्हतं आणि चष्मा लावून दाढी करायची लाज. "चष्मेवाल्याच्या हातात वस्तरा बघून गिऱ्हाईक पळेल रे," म्हणायचे. चष्मा पेटीत, पेटी ड्रॉवरमध्ये. त्यामुळे दाढी कितीही गुळगुळीत होवो, गिऱ्हाइकाच्या डाव्या कानाखाली वाटाण्याएवढा केसांचा पुंजका राहायचाच. बाजारात कोणी भेटला की त्या जागी नजर टाकायची, लगेच कळायचं, हा भाऊजींच्या खुर्चीतून उठून आलाय.

सलूनवाला रोज टोचायचा, "भाऊजी, डाव्या कानाखाली बघा. बाग राहिलीय." भाऊजी नाकातून हसायचे. आवाज नाही, नुसता श्वास.

बुधवारी दुकान बंद. म्हणून मंगळवारी रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेलं की शटर अर्धं ओढून दोघं एकमेकांची दाढी करायचे. आधी भाऊजी त्याची, मग तो भाऊजींची. अकरा वर्षं. एक मंगळवार चुकला नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघं मोटरसायकलवरून ब्लेड, पावडर, साबण आणायला गेले. परतताना हा पुढे, भाऊजी मागे. एका वळणावर रेती सांडलेली. गाडी एकीकडे, हा दुसरीकडे. भाऊजी... भाऊजी तिथेच संपले.

ह्याचा डावा हात खांद्यापासून गेला. म्हणजे आहे, बाहीत लटकतोय. पण टाचणी टोचा, गरम चहा सांडा, त्याला पत्ता नाही. नसा तुटल्यात, वर्षभर वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले. हात बधिर झालेला सगळ्यांना दिसला. बाकीचा माणूस बधिर झाला ते कोणाला दिसलं नाही. भाजीत मीठ आहे की नाही ते त्याला सांगता यायचं नाही. शेजारचं पोर त्याच्या पायावरून सायकल घेऊन गेलं तरी तो तिथेच उभा. भाऊजींना नेलं तेव्हा रडला नाही. नंतरही नाही. लोक विचारायचे, कसं झालं हो? तो म्हणायचा, "समोर रेती आली." शंभर जणांनी विचारलं, शंभर वेळा तेच. जणू गळ्यात पाटी अडकवलेली.

ते खरं होतं. पण पुरतं खरं नव्हतं.

रेती यायच्या आधी त्यानं मान मागे वळवली होती. चिडवायला. "भाऊजी, आज हेडमास्तरांच्या कानाखाली बाग ठेवलीत ना?" भाऊजी हसले. तो हसण्याचा श्वास त्याला मानेवर लागला. मान पुढे वळली तेव्हा रेती चाकाखाली होती.

हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. ताईला तर नाहीच. ती विचारत नव्हती, आणि ती विचारत नाही हेच छातीवर बसलेलं. सांगावं तर बहीण जाईल. सांगू नये तर रोज तिच्या हातचं जेवायचं कोणत्या तोंडानं? म्हणून दुकान सोडायचं आणि लांब कुठेतरी निघून जायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. दुकान सोडतोय एवढंच ताईला माहीत होतं.

दुकानाशी पोचला तेव्हा नऊ चाळीस झाले होते. चालतच गेला, गाडीवर बसणं सोडलं होतं. एका हातानं शटर उचललं, कमरेएवढं, आणि वाकून आत शिरला.

तुम्ही रिकामं सलून बघितलंय का कधी? सलून मोठं वाटतं ते आरशांमुळे. आरसे दुपारीच काढून नेले होते. भिंतीवर दोन फिकट चौकोन उरले होते, बस्स. वीज तोडलेली. वस्तरे, कात्र्या, पाण्याची बाटली, कापडं, सगळं पोत्यात भरून घरी पोचलेलं. दुकानात राहिल्या होत्या जमिनीला ठोकलेल्या दोन खुर्च्या आणि एक ड्रॉवर.

मोबाईलच्या उजेडात त्यानं ड्रॉवर ओढला. चष्म्याची पेटी होती. खटका बंद. ती शर्टाच्या खिशात टाकली. काम झालं. निघायचं.

पण पाय दमले होते. तो भाऊजींच्या खुर्चीत बसला. मंगळवारी बसायचा तीच. समोर आरसा नाही, म्हणून भिंतीकडे बघत बसला. मोबाईलची बॅटरी संपत आलेली. उजेड मंद झाला. मग गेला.

तो तसाच बसून राहिला. शटरखालून रस्त्यावरच्या दिव्याची एक पट्टी आत येत होती, ती खुर्चीपर्यंत पोचत नव्हती.

कर्र...

डोक्यामागची उशी वर सरकली. एक खाच. मग दुसरी. दोनच. त्याच्या उंचीला दोनच खाचा लागतात, हे दुकानात एकाच माणसाला माहीत होतं.

काय रे, पाय का वर घेतलेस? खाली सोड. खाली काही नाहीये.

तो उठला नाही. मी त्याला विचारलं, पळाला का नाहीस? तर म्हणाला, "घाबरायला आत कोणी असावं लागतं हो. कोणीच नव्हतं."

गळ्याभोवती कापड आलं. कापडं घरी होती, पोत्यात. गाठ बसली. डाव्या बाजूला.

मग कात्री. दाढीत नाही, हवेत. चक चक चक... न्हावी कापायच्या आधी रिकामी कात्री चालवतो ना, तशी. मग दाढीत. अडीच महिन्यांची दाढी. केस कापडावर पडताना ऐकू येत होते.

मागे वळून बघावं? एकदा वळून बघितलं होतं त्यानं.

नाही वळला.

गार पाणी. फेस. ब्रश गोल फिरतोय, सावकाश, घाई नाही. तुरटीचा वास. हनुवटीखाली दोन बोटं आली आणि डोकं मागे टेकवलं.

गळ्यावर वस्तरा.

तिथे तो थांबला.

सलूनवाल्याला वाटलं, बरोबर आहे. ज्याचा हक्क आहे तो आलाय. त्यानं गळा आणखी थोडा वर केला. आणि अडीच महिने जे बाहेर आलं नव्हतं ते त्या भिंतीला सांगितलं.

"भाऊजी... मी मागे वळलो होतो. रेती नंतर आली."

...

वस्तरा हलला नाही.

"तुम्हाला चिडवायला वळलो होतो. ताईला माहीत नाही."

...

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. तिचा आवाज लांब जाऊन विरला. वस्तरा होता तिथेच.

मग दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली आणि तोंड हळूच उजवीकडे वळवलं. गिऱ्हाइकाचं वळवतात तसं. दुसरा गाल घ्यायचा असतो तेव्हा.

आणि दाढी पुढे सुरू झाली. सर्र... सर्र...

एक गाल. दुसरा गाल. ओठाखाली. सगळं रोजच्यासारखं. शेवटी गालांवरून ओला पंजा फिरला. झालं, उठा, अशी हलकी थाप खांद्यावर पडली. डाव्या खांद्यावर पडली असती तर त्याला कळलं नसतं. उजव्यावर पडली.

सवयच ती. अकरा वर्षांची. तोंडातून आपोआप गेलं,

"भाऊजी, डाव्या कानाखाली बघा."

काही नाही.

काही नाही...

आणि मग मानेवर, मागून, नाकातून हसल्याचा श्वास. एकच.

तेव्हा तो रडला. गुरासारखा हंबरडा नाही, काही नाही. डोळ्यांतून नुसतं पाणी, खाली कॉलरपर्यंत. किती वेळ ते त्यालाही माहीत नाही. हात लावून बघितला तेव्हा गळ्यात कापड नव्हतं. अंधारात चाचपडत शटर ओढलं आणि चालत घरी आला.

हात सुधारला का, असं विचारणार ना तुम्ही? नाही सुधारला. ही देवाची गोष्ट नाहीये, भुताची आहे.

ताई जागीच होती. दार उघडलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दिव्याखाली गाल चकचकत होते.

"कोणी केली?"

त्यानं उंबऱ्यातच सांगितलं. पण दुकानापासून नाही, वळणापासून सांगितलं. मान वळवली ते, हेडमास्तर, बाग, भाऊजींचं हसणं, रेती. मग दुकान. निघून जायचं ठरवलं होतं तेही सांगून टाकलं. एक अक्षर मागे ठेवलं नाही. सांगून झाल्यावर चष्म्याची पेटी पुढे केली.

आत कुठेतरी नळ ठिबकत होता. पेटी ताईनं हातात घेतली. उघडली. भाऊजींचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. मोठा होत होता, नाकावरून घसरत होता. एका हातानं तो धरला. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी भावाची हनुवटी धरून तोंड उजवीकडे वळवलं, आणि वाकून डाव्या कानाखाली बघितलं.

बोट फिरत फिरत एका जागी थांबलं. वाटाण्याएवढी जागा. खरखरीत.

"हा चष्मा कुठे होता?"

"ड्रॉवरमध्ये. पेटीत."

"पेटी बंद होती?"

"बंद."

"मग बरोबर," ताई म्हणाली.

"आता आत ये," म्हणाली. पण बोट काही तिथून उचललं नाही.