आजोंचे हरवलेले दोन तास

एकाच समुद्राला एकाच दिवशी, एकाच बंदरात दोन वेगवेगळ्या वेळी भरती येईल का? जुईलीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

बेत साधा होता. जुईलीची आई अंदमानातल्या टिकली नावाच्या चिमुकल्या बेटावर महिनाभर प्रवाळांची लागवड करत होती. (प्रवाळ म्हणजे समुद्रातले इवलेसे जीव. त्यांच्या घरांवर घरं चढून खडक तयार होतात.) उद्या सकाळी होडीने निघायचं, आईला भेटायचं, संध्याकाळच्या भरतीवर परतायचं. मालवणहून अंदमानात जुईलीकडे आलेले आजो, म्हणजे आईचे बाबा, परवा विमानाने परत जाणार होते. त्यामुळे भेट काय ती उद्याच. दीड वर्षात बापलेकीची भेट नव्हती.

बेटाभोवती प्रवाळाचं कडं होतं. ते ओलांडायचं तर भरतीच हवी.

"उद्या द्वादशी," आजो म्हणाले. "बाराची पाऊणपट नऊ. नवाक भरती. साडेआठाक निघूया."

धक्क्याला बांधलेली होडी बोलली. तिचं नाव शिंपली. ती स्वतःच स्वतःला चालवायची आणि बोलायचीही जरा जास्तच. "क्षमा करा. उद्याची भरती सात वाजता आहे. आठनंतर प्रवाळावर मला पुरेल एवढं पाणी नसेल. आपण सहाला निघू."

"काय सांगतंस!" आजो उखडलेच. मालवणात चाळीस वर्षं ते तांडेल (होडीचे प्रमुख) होते. "माझो हिशोब कधी चुकूक नाय. ज्या होडयेक भरती कळना नाय, तिच्यात मी पाय ठेवचंय नाय!"

आणि ते नारळाखाली जाऊन पाठ करून बसले. जुईलीला रडूच फुटायचं बाकी राहिलं. शिंपली बिघडली असेल? पण तिने तर शंभरदा माणसांना बेटावर नेऊन आणलं होतं. मग आजोंचं वय झालं? छे, तिथी विचारा की उत्तर तयार! दोघंही बरोबर वाटत होते, आणि दोघंही बरोबर असणं शक्य नव्हतं.

"शिंपले, आज ओहोटी कधी?"

"साडेबाराच्या सुमारास पाणी सर्वांत खाली."

"आजो, तुमच्या हिशोबाने?"

"एकादशी. सवाआठाक भरती," आजो पाठ न वळवता म्हणाले. "म्हणजे अडीचाक ओहोटी."

जुईलीने खडू घेतला आणि धक्क्याच्या खांबापाशी ठाण मांडलं. पाणी उतरेल तशी ती रेघ मारत गेली. आजो तिकडे बघत नव्हते, म्हणजे दर पाच मिनिटांनी बघत होते. साडेबाराला पाणी थांबलं. एक वाजता ते शेवटच्या रेघेच्या चार बोटं वर होतं.

आजो उठून आले. रेघेवर बोट ठेवून उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून जुईलीला आपण जिंकल्याचा जराही आनंद झाला नाही.

"चंद्र तोच मा गो?" ते हळूच म्हणाले. "मग दोन तास खंय गेले?"

शिंपली म्हणाली, "घरातून परात आणा. थोडं पाणी घाला."

जुईलीने परात आणली. शिंपलीने सांगितलं तशी ती हातांवर धरून हळूहळू गोल कलती करू लागली. पाणी काठाकाठाने फिरू लागलं. जुईलीचा अंगठा आधी भिजला. समोरच्या काठावर ठेवलेलं आजोंचं बोट नंतर.

"चंद्र समुद्राला ओढतो," शिंपली म्हणाली, "पण पाणी लगेच सगळीकडे चढत नाही. भरती ही लांबच लांब लाट आहे. वाटेत जमीन आडवी येते, उथळ तळावर ती मंदावते. म्हणून प्रत्येक बंदराचा विलंब (चंद्र माथ्यावर आल्यापासून पाणी चढेपर्यंतचा वेळ) वेगळा असतो."

"म्हणजे आजोंचं गणित चूक?"

"मुळीच नाही. काल इथे भरती कधी होती?"

जुईलीने शिंपलीच्या पडद्यावरचा तक्ता पाहिला. काल साडेपाचच्या आसपास, आज सव्वासहा, उद्या सात. रोज साधारण पाऊण तास उशीर! "कारण चंद्रच रोज तेवढा उशिरा उगवतो!" ती ओरडली. "आजो, तुमची पाऊणपट इथेही चालते. फक्त त्यातून दोन वजा करायचे. ते दोन तास मालवणचे आहेत!"

आजो कितीतरी वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग शिंपलीच्या कडेवर थाप मारून म्हणाले, "सा वाजता तयार रव गो."

दुसऱ्या दिवशी सव्वासातला टिकलीच्या किनाऱ्याशी आई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने बाबांना घट्ट मिठी मारली आणि मग घड्याळ पाहिलं.

"इतके लवकर? माका वाटला, तुम्ही नऊच म्हणतलास."

"म्हटलेलंय," आजो पुटपुटले. "चुकलंय."

आई ओशाळून हसली. "बाबा, हंय इल्यावर पयल्याच आठवड्यात मी साधी होडी घेवन तुमच्या हिशोबान निघाललंय. ह्याच प्रवाळार अडकान बसलंय, पुढच्या भरतीचा पाणी चढासर. तुमका सांगूक लाज वाटली."

आजो होडीला टेकून असे खदखदून हसले, की शिंपली डोलायला लागली.