परकं मनगट

नौशीर बिलिमोरिया यांची तक्रार अशी होती, की त्यांचं घड्याळ आता अजिबात चुकत नव्हतं.

पाषाणच्या कालमापन प्रयोगशाळेत अशी तक्रार घेऊन यापूर्वी कोणी आलं नव्हतं. प्रयोगशाळेची प्रमुख शाल्मली घैसास हिनं डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं.

"बसा. काय झालं?"

"काय झाला नाय, तेच तर सांगतो," नौशीर म्हणाले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावरच्या मऊ कापडावर ठेवलं.

तो स्विस क्रोनोग्राफ होता, म्हणजे वेळ दाखवता दाखवता कालावधीही मोजणारं घड्याळ. एका बटणानं मधला लांब काटा सुटतो, दुसऱ्यानं तो शून्यावर परततो. अशी महागडी घड्याळं बाळगणाऱ्यांना त्यांच्या बारीकसारीक खोडींची सवय असते, आणि थोडा अभिमानही असतो. नौशीर यांच्या घड्याळाची खोड अशी, की परतणारा काटा शून्याच्या केसभर अलीकडेच थांबायचा. कंपनीनं फुकट दुरुस्त करून देऊ म्हटलं, तरी त्यांनी ऐकलं नव्हतं.

"माझा घोडा आहे तो. थोडा लंगडतो, पण माझा आहे. आता बघा." त्यांनी बटण दाबलं. काटा सरळ शून्यावर येऊन बसला. "हा कोणाचा घोडा आणून बांधला माझ्या तबेल्यात? तुम्ही लोकांनी गुपचूप रिपेर केला की काय?"

"आम्ही हातही लावलेला नाही. पुन्हा दाबा बघू."

या वेळी शाल्मलीनं घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मागच्या वर्षी आलात तेव्हा तुमचा हात थरथरत होता."

"थरथरत? चहा बशीत, बशीतला शर्टावर. माझी बायको पिलू म्हणायची, तुला आता बाटलीनं पाजते. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर बर्व्यांचे ते कण टोचून घेतले. आता हा बघा." त्यांनी हात पुढे धरला. पंचाहत्तरीतला तो हात टेबलाच्या कडेसारखा स्थिर होता.

शाल्मली हसली. "मग खोड घड्याळात नव्हतीच, बिलिमोरियासाहेब. तुमचा अंगठा मध्येच सैल पडायचा, त्यामुळे काट्याला शून्यावर आणणाऱ्या हातोडीचा फटका अर्धवट बसायचा. आता पुरा बसतो."

नौशीर यांचा चेहरा पडला. "म्हणजे इतकी वर्षं घोडा ठीक होता, लंगडत मी होतो?"

"एकदा सवयचक्र तपासते. संध्याकाळी पाचला घेऊन जा."

सवयचक्र हा या पिढीतल्या यांत्रिक घड्याळांचा प्राण होता. घड्याळाच्या आतल्या तोलचक्रावर धुळीहून बारीक वजनं बसवलेली असत आणि महिनाभरात ती धारकाच्या हाताप्रमाणे सरकून स्थिर होत. चालणं, लिहिणं, गाडी हाकणं अशा मोठ्या हालचालींशी चक्राला देणंघेणं नव्हतं. हात एका जागी थांबताना जो बारीक झोल खातो, त्याची लय प्रत्येक माणसाची निराळी असते. चक्र तीच लय शिकायचं आणि तिच्यामुळे पडणारी चूक भरून काढायचं. त्यामुळे घड्याळ धारकाच्या मनगटावर अचूक चालायचं आणि दुसऱ्या कोणाच्याही मनगटावर चुकायचं. चोराला ते नकोसं व्हायचं, आणि श्रीमंतांना नेमकं तेवढंच आवडायचं.

म्हणूनच प्रयोगशाळेत परक्या मनगटाची चाचणी करत. घड्याळ दोन परक्या माणसांच्या हाताला बांधायचं आणि पट्ट्याला लावलेल्या ध्वनिमापकानं त्याची टिकटिक ऐकायची. दोन्ही हातांवर ते चुकलं, तर सवयचक्र जिवंत आहे असं समजायचं.

पहिलं मनगट शाल्मलीचं स्वतःचं. घड्याळ तिच्या हातावर चुकलं, आणि भरपूर चुकलं. तिला त्याचं नवल वाटलं नाही. दोन वर्षांपासून तिचाही हात थरथरत होता. पूर्वी केसाएवढी स्प्रिंग ती चिमट्यात धरून एका दमात बसवायची. आता चार-चारदा हातातून निसटायची. सहकारी तोंडावर काही बोलत नसत, पण अवघड कामं हळूहळू दुसऱ्यांच्या टेबलावर जाऊ लागली होती. हात गेला तरी पद राहिलं असतं, पण तिला पदात रस नव्हता. सोमवारी ती स्वतः कंपशामक कण टोचून घेणार होती.

त्यासाठीच दुपारी डॉ. यशोधन बर्वे तिच्या हाताची मापं घ्यायला आला. कंपशामक कणांचा जनक तोच. दोघं कॉलेजात एका बाकावर होती.

"मापं नंतर," शाल्मली म्हणाली. "आधी फुकटचं मनगट दे."

"तीस वर्षांत तू माझ्याकडे फुकटाशिवाय काही मागितलेलं नाहीस." यशोधननं बाही वर सरकवली.

तासाभरानं तिनं मापकाचा पडदा पाहिला आणि जोडणी तपासली. मग दुसरा मापक आणून लावला. दोन्ही मापक एकच सांगत होते. नौशीर यांचं घड्याळ यशोधनच्या मनगटावर तंतोतंत बरोबर चालत होतं.

"चक्र मेलंय तुझं," यशोधन म्हणाला.

"मेलं असतं तर माझ्या हातावर चुकलं नसतं."

"योगायोग असेल."

"एवढा जुळणारा हात जुळ्या भावाचाही सापडत नाही. यशोधन, तू स्वतः ते कण घेतलेस?"

"पहिला रुग्ण मीच. शस्त्रक्रिया करताना हात थरथरायला लागला होता. कोणाला सांगितलं नाही, एवढंच."

शाल्मली खुर्चीत बसली. "ते कण नक्की करतात काय? मला सोमवारी टोचणार आहेस ते. रुग्णाला सांगतोस तसं नको, खरं सांग."

यशोधननं घड्याळ काढून जपून कापडावर ठेवलं.

"कंप नुसता दाबला तर हात लाकडासारखा होतो. सुई धरता येत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही. म्हणून मेंदूच्या ज्या भागातून कंप उठतो, तिथं कंपाच्या जागी दुसरी लय द्यावी लागते. निरोगी, स्थिर हाताची."

"कोणाच्या हाताची?"

"एक नमुना घेतलेला आहे."

"एक?"

"वेगवेगळे नमुने घेतले तर प्रत्येकाची परवानगी, प्रत्येकाच्या चाचण्या. एकच उत्तम नमुना मिळाला होता. हात स्थिर झाल्याशी कारण."

"किती जणांना दिलेत?"

"नऊ हजारांच्या वर गेलेत."

शाल्मलीला क्षणभर खोलीतली सगळी टिकटिक बंद पडल्यासारखी वाटली. नऊ हजार माणसं. त्यांच्या सह्या, त्यांनी कुरवाळलेली मुलं, त्यांनी मळलेली कणीक. सगळ्यामागे एकच हात होता, आणि तो त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता.

"यशोधन, कोणाचा हात आहे तो?"

त्यानं नजर तिच्या बोटांवर नेली.

"सहा वर्षांपूर्वी तू माझ्या प्रयोगशाळेत एक दुपार बसली होतीस," तो म्हणाला. "संवेदकांचा हातमोजा घालून स्प्रिंग बसवत होतीस. मला त्याहून स्थिर हात कुठं मिळाला नाही."

शाल्मलीनं टेबलावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं हलत होती. आता तिला कळलं. नौशीरांच्या घड्याळानं तिचाच हात शिकून घेतला होता, पण सहा वर्षांपूर्वीचा. म्हणून तर ते तिच्याच मनगटावर चुकलं होतं.

"मला विचारलं नाहीस."

"परवानगीच्या कागदावर संशोधनासाठी असं..." तो थांबला. "नाही. विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

मग तो पुढे सरकून घाईनं बोलू लागला. "ऐक. हे बाहेर आलं की उपचार त्याच दिवशी थांबतील. थांबायलाच हवेत, मी वाद घालत नाही. पण सोमवारी तुझं होऊ दे. मंगळवारी तू जगाला सांग, मी शेजारी उभा राहीन. सगळ्या जगात तू एकटीच अशी आहेस, जिला यातून काहीही परकं मिळणार नाही. तुझाच हात तुला परत मिळेल, शाल्मली."

तो खोटं बोलत नव्हता. विज्ञान त्याच्या बाजूनं होतं. तिनं मनातल्या मनात ती स्प्रिंग उचलली आणि एका दमात बसवली.

"पाचला बिलिमोरिया येतील," ती म्हणाली. "विचारतील, चाचणीत काय निघालं. काय सांगू त्यांना? मंगळवारी या?"

यशोधननं वर सरकवलेली बाही खाली ओढून बटण लावलं. पण तो उठून गेला नाही.

नौशीर पाचला आले, तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. मऊ शब्द शोधले नाहीत. यशोधन मान खाली घालून शेजारी उभा होता. नौशीर आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत राहिले, जणू कोणीतरी तो त्यांच्याकडे सांभाळायला ठेवून गेलं होतं.

"परवा पिलू बोलली," ते हळूच म्हणाले. "नौशीर, आताशा तू माझ्या कपाळावरचे केस बाजूला करतोस ते बाईमाणसासारखे करतोस. मी हसलो. म्हटलं, म्हातारपणी शहाणपण आला." त्यांनी तो हात टेबलावर पालथा ठेवला. "पन्नास वर्षं झाली लग्नाला. आणि दोन महिने तिच्या कपाळावर तुमचा हात फिरतो, बाई?"

ते यशोधनकडे वळले.

"डॉक्टर, काढा तो. आजच काढा."

"कण बंद करता येतात," यशोधन म्हणाला. "पण कंप परत येईल. पहिल्याएवढाच. कदाचित जास्त."

"येऊ दे. चहा सांडेल ना? पिलू पुसेल. शिव्या देईल आणि पुसेल." मग ते शाल्मलीकडे वळले. "आणि तुमचा सोमवार?"

"तो आता होणार नाही. आजच आरोग्य खात्याला कळवते आहे."

नौशीर तिच्या बोटांकडे थोडा वेळ बघत राहिले. मग जुन्या वळणाच्या पारशी अदबीनं उठून उभे राहिले आणि त्यांनी निरोपासाठी हात पुढे केला.

शाल्मलीनं तो हातात घेतला. आधी बोटांची सैल पकड, मग निमिषभर थांबणं, मग अंगठ्याचा तो नेमका, न चुकणारा दाब. तारुण्यात रोज आठ-आठ तास बसून तिनं तो कमावला होता. दोन वर्षांत तिला तो एकदाही साधला नव्हता.

दोन्ही हात तिचे होते. त्यातला एक थरथरत होता. दुसरा सोडून द्यायला तिला बराच वेळ लागला.