पोट भरलंय, लोलो

बेन्जो, ती मेणबत्ती वाऱ्याच्या आड ठेव जरा, नाहीतर पुन्हा काडेपेटी शोधत बसावं लागेल. आणि उकडलेल्या शेंगा इकडे सरकवा, सगळ्या तुम्हीच फस्त करणार की काय? लाइट काही इतक्यात येत नाही, आत्ताच गेटवरच्या पहारेकऱ्याला विचारून आलोय. भुताची गोष्ट हवी म्हणता? ढीगभर असतील तुमच्या मोबाइलमध्ये. मी सांगतो ते घडलेलं आहे, आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझ्या ओळखीची आहे. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

आपल्या व्हिला रेमेदियोस वसाहतीच्या शेवटच्या गल्लीतलं टोकाचं घर माहितेय ना? फाटकावर भाड्याने देण्याची पाटी लटकतेय ते. तिथे जेनालिन राहायची. नवरा आर्विन बोटीवर खलाशी, वर्षातला बराचसा काळ समुद्रावर. त्यांच्या लग्नात मी धर्मपिता होतो, म्हणून ती मला निनोंग म्हणते. पदरात एकच पोर, निंगनिंग, चार वर्षांची. गालगुच्चा घ्यावासा वाटेल अशी गुबगुबीत. आर्विन निघताना मला म्हणाला होता, "निनोंग, या दोघी सोडून मला जगात काही नाही, लक्ष असू द्या." तेव्हा मी अधूनमधून डोकावत असे.

जेनालिन मूळची समार बेटावरची, समुद्राकाठच्या गावातली. तिकडे जेवायला बसलं की दार सताड उघडं, आणि रस्त्याने जो जाईल त्याला हाक: "या जेवायला!" जाणारा म्हणणार, "झालं हो, पोट भरलंय." संपलं. बोलावणाऱ्याचा मान राहिला, जाणाऱ्याचाही राहिला. खरंच कुणी आत येऊन पाटावर बसत नाही. आपल्या सगळ्यांच्या आयांनी आपल्याला हेच शिकवलं. पण आपली ही वसाहत पडली शांत. गाडी फाटकात, माणूस घरात, दिवा पडद्यामागे. शेजारचा आहे की गेला, याचाही पत्ता नसतो.

जेनालिनची सवय मात्र सुटेना. पाववाला, कुत्रं फिरवणारा, पाण्याचे कॅन पोचवणारा, सगळ्यांना हाका. लोक चपापायचे आणि मोबाइलमध्ये डोकं घालून पुढे सटकायचे. समोरच्या पेर्लामावशीने, म्हणजे तिता पेर्लाने, एकदा तिला हटकलंही.

"अगं, समार आहे का हे? कशाला ओरडतेस?"

"तिता, कुणाला बोलावलं नाही तर घास उतरत नाही मला."

"मग वर पाणी पी. दिवेलागणीनंतर कुणालाही बोलावू नये. आणि बोलवायचंच तर नाव घेऊन बोलवावं."

जेनालिन हसली. पोरीलाही तिने सगळी रीतभात शिकवली होती. मोठ्याचा हात कपाळाला लावायचा, पाहुणा निघाला की फाटकापर्यंत जायचं, 'पुन्हा या हं' म्हणायचं. निंगनिंग ते इतकं गोड म्हणायची की पाहुण्याचा पाय निघत नसे.

तर ती रात्र. तीन नोव्हेंबर, सोमवार. मृतांचा सण नुकताच झालेला, सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून, फुलं वाहून परत आले होते. जेनालिनला समारला जायला जमलं नव्हतं, म्हणून मन जरा उदासच होतं. घरातलं व्हिनेगर संपलेलं. पोरीला कडेवर घेऊन ती मागच्या गल्लीतल्या दुकानात गेली, व्हिनेगर आणलं, मांसाचा अडोबो शिजवला आणि भात उतरवून दोघी जेवायला बसल्या. दार उघडंच होतं.

समोरचा रस्त्यावरचा दिवा त्या दिवशी गेलेला. फाटकापाशी कुणीतरी उभं होतं. पाठीत थोडं वाकलेलं. डोक्यावर टोपी. जात नव्हतं, येतही नव्हतं.

"या जेवायला!" जेनालिनने हाक मारली.

उत्तर नाही.

ऐकू आलं नसेल बिचाऱ्याला, असं तिला वाटलं. म्हातारं माणूस दिसतंय. आणि म्हाताऱ्याला आपण लोलोच म्हणणार ना, आजोबा. ती जरा मोठ्याने म्हणाली, "या ना हो, लोलो! आत्ताच शिजलंय, गरम आहे."

ती थांबली. आता तो म्हणणार, पोट भरलंय. कुणीही तेच म्हणतं...

फाटकाची कडी वाजली.

ती उठून बाहेर गेली. फाटक उघडं. माणूस नाही. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. तिने कडी लावली, दारही लावलं आणि पोरीला झोपवलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी कडी पुन्हा वाजली. मग अंगणातल्या फरशीवर पावलं आल्यासारखी वाटली. पुढे एका संध्याकाळी दाराबाहेर रबरी चपला काढल्याचा आवाज आला. एक. मग दुसरी. जेनालिनने खिडकीतून पाहिलं. तिथे फक्त तिच्या आणि पोरीच्या चपला होत्या. आता तुम्ही म्हणाल, घर सोडून का नाही गेली? अरे, आगाऊ भरलेलं भाडं मालकीण परत देणार होती का? आणि नवऱ्याला समुद्रात काय कळवायचं, चपलांचा आवाज येतो म्हणून? माणूस आधी स्वतःच्या कानांना नावं ठेवतं.

पण जेवणाचं काय करणार होती? जेवणाची चव गेली. मीठ घातलं तरी अळणी. तिने खारवलेला सुका मासा तळला, सगळ्या गल्लीला वास गेला, आणि तोंडात घातला तर भिजलेला कागद खाल्ल्यासारखं लागलं. निंगनिंग बारीक व्हायला लागली. खायची, ताट चाटूनपुसून खायची, आणि तरी फ्रॉक खांद्यावरून घसरायचा. डॉक्टरने तपासलं, जंताचं औषध दिलं. मी पाहायला गेलो तेव्हा पोरगी माझ्या मांडीवर बसली आणि मला तिचं ओझंच जाणवेना.

त्याच संध्याकाळी मी गेल्यावर जेनालिनने पाहिलं, पोरगी आपल्या ताटातला भात चमच्याने समोर सरकवतेय. रिकाम्या खुर्चीकडे.

"काय करतेस गं?"

"लोलोला वाढते."

"कुठल्या लोलोला?"

"तू बोलावलंस ना त्यांना? बोलावलंस आणि वाढतच नाहीस."

खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती. एखादा बसला की सरकते तेवढी.

जेनालिन पोरीला उचलून तशीच अनवाणी तिता पेर्लाकडे धावली. पेर्लाने सगळं ऐकून घेतलं. मग पदार्थ करपल्यासारखं तोंड करून म्हणाली, "टोपी होती का गं डोक्यावर?"

"हो."

"इग्मे असणार. लोलो इग्मे. तुझ्या आधी तोच भाड्याने राहायचा त्या घरात. एकटा. तुझ्यासारखीच खोड, दार उघडं ठेवून जेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा. दोन ताटं मांडायचा, न जाणो कुणी आलंच तर. आम्ही सगळे 'पोट भरलंय' म्हणायचो आणि मान न वळवता जायचो. त्याला उलट कुणी कधी बोलावलं नाही. मीही नाही. मग त्याच्या हाका थांबल्या. मी म्हटलं, बरं झालं, म्हाताऱ्याला शहाणपण आलं." पेर्लाने डोळे पुसले. "भाडं मागायला मालकीण आली तेव्हा सापडला. टेबलापाशीच. दोन ताटं मांडलेली. मी रोज समोरून जात होते, जेनालिन. रोज."

मग जेनालिनने विचारलं, "आता मी काय करू? बोलावलंय मी त्यांना."

"बोलावणं मागे घेता येत नाही. निरोप देता येतो. पाहुणा आहे, तर पाहुण्यासारखा पोचता कर. पोटभर वाढ, वाटेसाठी डबा बांधून दे, फाटकापर्यंत सोडायला जा. आणि एक लक्षात ठेव. पुन्हा या म्हणायचं नाही. सवयीने सुद्धा नाही. ओठ शिवून घे हवं तर."

जेनालिनने मनापासून रांधलं. टेबलावर तिसरं ताट मांडलं, वाढलं. दोघी मायलेकी समोर बसून राहिल्या. भाताची वाफ हळूहळू विरली. मग तिने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भात आणि अडोबो भरला. आपल्या घराघरात असतो तसलाच डबा, झाकणाचा कोपरा तुटलेला. तो हातात घेऊन ती फाटकापाशी गेली. पोरीला दारातच थांबवलं होतं.

"लोलो, उशीर झाला," ती म्हणाली. "हे वाटेत खा. आमच्याकडून काही कमी पडलं असेल तर राग मानू नका. सांभाळून जा."

डबा तिने फाटकाच्या खांबावर ठेवला आणि कडी काढली.

वारा नव्हता. फाटक आपोआप उघडलं. हळू... म्हाताऱ्या माणसाला लागतो तितकाच वेळ लागला. तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, ती म्हणते. तोंडात मिठाची चव आली. ती रडायलाच लागली.

आणि मागून, दारातून, निंगनिंगने शिकवल्याप्रमाणे गोड आवाजात हाक दिली.

"पुन्हा या हं, लोलो!"

...

फाटक होतं तिथेच थांबलं.

बेन्जो, मागे काय बघतोस? कुत्रं आहे ते. शेंगा खा.

सकाळी डबा खांबावर होता. आता आपल्याकडे काय रीत आहे? शेजाऱ्याकडून आलेला डबा रिकामा परत जात नाही. काहीतरी घालूनच द्यायचा. जेनालिनने तुटक्या कोपऱ्याचं ते झाकण उघडलं. आत पांढराशुभ्र भात. गरम, वाफा निघत होत्या. आणि भातात रोवलेला निंगनिंगचा छोटा गुलाबी चमचा.

तिने डबा तिथेच टाकला. त्या भाताला हात लावू दिला नाही, पोरीला नाही आणि मांजरालाही नाही. दुपारी मीच दोघींना बसस्टॉपवर सोडलं. भाड्याचे पैसे गेले ते गेले. समारला आईच्या घरी पोचेपर्यंत वाटेत तिने पोरीकडून एकच धडा घोकून घेतला. कुणीही जेवायला बोलावलं, ओळखीचं असो नसो, तर काय म्हणायचं? "पोट भरलंय." आणि पुन्हा बोलावलं तर? "पोट भरलंय." शाब्बास.

तिकडे जेवणाला चव आली. पोरगी भरली, गालांवर लाली आली. फोटो पाठवला होता मला. आर्विनचाही जीव भांड्यात पडला. पण जेनालिनने एक गोष्ट त्याला सांगितली नाही, मला सांगितली. रोज दिवेलागणीला, पहिला घास घेण्याआधी, निंगनिंग दाराकडे मान वळवते. दारात कुणी नसतं. आणि अगदी नम्रपणे म्हणते, "पोट भरलंय, लोलो." मग जेवायला लागते.

रोज म्हणते. म्हणजे रोज कुणीतरी बोलावतंय.

मी म्हटलं, म्हणू दे, नाही म्हणतेय तोवर भीती नाही. नोव्हेंबर सरला, नाताळ गेला, नवं वर्ष लागलं. पोरीचं ते म्हणणं चालूच होतं. घरच्यांना त्याची सवय झाली.

गेल्या सोमवारी मला जेनालिनचा फोन आला. मग म्हणाली, "निनोंग, आज ती काहीच बोलली नाही."

"म्हणजे सुटलात की!" मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं. दाराकडे बघितलं तिने... नेहमीसारखं. पण गप्प राहिली. मला इतका आनंद झाला. म्हटलं, गेला एकदाचा. तिला म्हटलं, जेव बाळा. तर ताटाला हात लावेना. आणि..."

"आणि काय?"

"तिचं तोंड हलत होतं, निनोंग. चावत होती. मी गाल दाबून तोंड उघडलं, बोट घालून घास बाहेर काढला. भात होता. गरम."

मी म्हटलं, अगं मग ताटातलाच असेल, तू बघितलं नसशील.

पलीकडे पोरगी काहीतरी गुणगुणत होती, ते ऐकू येत होतं.

"बोटी लागल्या नाहीत दोन दिवस," ती म्हणाली. "तांदूळ संपलेत. आम्ही आज रताळी उकडली होती."