चाकावरची खडूची रेघ

दर ऑगस्टमध्ये स्वीडनमधल्या स्काराजवळच्या माळावर जुन्या ट्रॅक्टरांचं प्रदर्शन भरतं आणि दर ऑगस्टमध्ये अल्वारचे गुडघे दुखतात. यंदा मात्र नात हटूनच बसली.

"आजोबा, तुझे गुडघे काय कॅलेंडर बघून दुखतात?" नऊ वर्षांच्या इल्वाने विचारलं. तिची आई मालिन हसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अल्वारने टोपी चढवली. तो लेकीच्या गाडीत बसला.

माळावर सॉसेजचा धूर होता, दालचिनीच्या पावांचा वास होता, आणि कुणी न विचारताच माहिती सांगणारे म्हातारे होते. इल्वा प्रत्येक ट्रॅक्टरवर चढून आली. अल्वार कॉफीचा कप धरून मागून चालत राहिला. दिवस बरा जाईल असं त्याला वाटू लागलं होतं.

रांगेच्या शेवटी, जरा लांब, एक करडा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या मडगार्डवर दुधाच्या कॅनच्या पत्र्याच्या झाकणाचं ठिगळ होतं. तीन रिव्हेट, चौथ्याचं नुसतं भोक.

चौथा रिव्हेट अल्वारच्याच हातून गवतात पडला होता, साठ वर्षांपूर्वी. त्या उन्हाळ्याअखेर वडिलांनी तो ट्रॅक्टर पाण्याने भरलेल्या दगडखाणीत ढकलून दिला. बुडबुडे थांबेपर्यंत अल्वार काठावर उभा होता.

"कुठे मिळाला?" त्याने मालकाला विचारलं.

"एका लिलावात. कोरड्या गोठ्यात पडून होता," बिर्गर नावाचा तो गुबगुबीत माणूस म्हणाला. "पण मेला गळतो सारखा. तेल गळलं तर समजू शकतो, याचं तर पाणी गळतं!"

इंजिनाच्या बाजूच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, खडूची ताजी रेघ होती.

"ही तू काढलीस?"

"छे. क्लबवाले काढत असतील. रात्री पुसली तरी सकाळी हजर."

या जातीचं इंजिन लहरी. इंजिनाचा पुढचा लोखंडी गोळा आगीने लाल करायचा, मग फ्लायव्हील हाताने झटकायचं. कधीकधी ते उलटंच फिरायला लागतं. आवाज अगदी तोच, पण पुढचा गिअर टाकला की ट्रॅक्टर मागे येतो. म्हणून रेघ. चालवणाऱ्याने ती कुठल्या दिशेने फिरतेय ते पाहायचं आणि ओरडायचं, "सरळ!" मगच मागच्याने "आलो!" म्हणून कुळव जोडायला जायचं. त्या दिवशी चालवायला अठरा वर्षांचा अल्वार होता आणि मागे त्याचा मोठा भाऊ, एव्हर्ट. अल्वारने "सरळ!" म्हटलं. एव्हर्टने "आलो!" म्हटलं. ट्रॅक्टर मागे आला आणि एव्हर्ट त्याखाली गेला. घरी अल्वारने सांगितलं की रेघ एव्हर्टनेच पाहिली होती.

बिर्गरने गोळा तापवला, चाक झटकलं. धाप, धाप, धाप. तो सीटवर चढला.

"काका, तुम्ही जाणकार दिसता. रेघ बघा की जरा. सरळ आहे का?"

इल्वाने त्याची बाही ओढली. "आजोबा, तो मागचा दादापण तेच विचारतोय."

मागे कुणी नव्हतं. दोन बुटांच्या मापाचं गवत तेवढं दबलेलं आणि ओलं होतं.

अल्वारने रेघेकडे पाहिलं.

"उलटं! उलटं आहे! एव्हर्ट, बाजूला हो!"

बिर्गरने घाईघाईने इंजिन बंद केलं. आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली.

"एव्हर्ट?" मालिन म्हणाली. "एव्हर्टकाका?"

"जुनी सवय," अल्वार म्हणाला. या वयातही खोटं इतक्या सहज निघालं याची त्याला लाज वाटली.

ते गाडीकडे परतले. मालिन दार उघडता उघडता थांबली. त्यांच्या मागच्या चाकावर खडूची रेघ होती.

"हा कुणाचा चावटपणा?"

"त्या दादाचा," मागच्या सीटवर बसत इल्वा म्हणाली. "म्हणाला, अल्वारला बघायची सवय लावायचीय."

मालिनने किल्ली फिरवली नाही. अल्वार शेजारी बसून आपल्या हातांकडे पाहत होता.

"रेघ मी बघायची होती, मालिन. नाही बघितली. संध्याकाळी नाच होता, मला घाई होती. न बघताच सरळ म्हणून ओरडलो."



"आजी मरेपर्यंत त्याला धांदरट म्हणत होती, बाबा."

"हो."

"तू शेजारी बसलेला असायचास."

"हो."

मालिनने डोळे पुसले. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, "उतर. मागे बघ. मग काढते गाडी."

तो उतरला. आधी रेघ पाहिली, मग गाडीच्या मागे गेला. ऊन, गवत, दूरवर सॉसेजची रांग. कुणीही नव्हतं. त्याने पुन्हा पाहिलं.

"सरळ!" तो ओरडला. आवाज चिरकला.

"आलो!"

अगदी कोपराजवळून. विशीतला आवाज, हसरा.

गाडीची मागची बाजू किंचित खाली बसली.

काचेतून त्याला इल्वा दिसली. ती खिडकीकडे सरकली, शेजारच्या रिकाम्या जागेवरून पट्टा ओढून तिने खट्कन लावला. पट्टा सैल पडला नाही.